सुगंधाबाई रसायन शिकतात

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावच्या मुलींच्या शाळेत सुगंधाबाई चौथीला पाढे म्हणवून घेत, तेव्हा त्यांचा आवाज शेजारच्या तांदळाच्या गिरणीत ऐकू जायचा. त्या गिरणीत त्यांचे यजमान रामाजी कारकून होते. पट्टा निसटून गिरणी मधेच थांबली की भिंतीपलीकडून बाईंचं 'बारा एके बारा' घुमायचं आणि हमाल रामाजींकडे बघून हसायचे. "भाऊ, बाईचं इंजन काही बंद पडत नाई," असं कुणी म्हणालं, तर रामाजीही त्या हसण्यात सामील व्हायचे. बायकोचा आवाज मोठा आहे याचं त्यांना मनातून कौतुकच होतं.

बाई सातवी फायनल झालेल्या, वय तिशी ओलांडलेलं. पोटी मूलबाळ नव्हतं, पण चौथीतली प्रत्येक मुलगी त्यांना आपलीच वाटे. एकच गोष्ट त्यांना दरसाल टोचायची. मुली चौथी पास व्हायच्या, बाईंच्या पाया पडायच्या आणि शाळेतून कायमच्या जायच्या, कारण पुढे मुलींसाठी वर्गच नव्हता. मग धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत बाई रस्त्यानं निघाल्या की बांधीतल्या चिखलात वाकलेली एखादी पोरगी हातातली धानाची पेंडी उंच करून ओरडायची, "बाईऽऽ!" बाईही हात हलवायच्या, आणि घरी येईपर्यंत ती पोरगी वर्गात पाढे कशी म्हणायची ते आठवत राहायच्या.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. वर्ग पाहून खूश झाले. चहा घेताना म्हणाले, "इथं पाचवी ते सातवी सुरू करायला जनपद सभा तयार आहे. पण विज्ञान शिकवायला कोण? मास्तर नेमला तर आईबाप मुली पाठवणार नाहीत. आणि रसायन, पदार्थविज्ञान घेऊन मॅट्रिक झालेली बाई मला चांद्यापर्यंत कुठं सापडत नाही."

"मी होईन की मॅट्रिक," सुगंधाबाई म्हणाल्या.

हेडमास्तरीणबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. डिप्टी साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, रसायन तोंडपाठ करून येत नाही. प्रात्यक्षिकाची परीक्षा असते."

"मग ते शिकते," बाई म्हणाल्या. रसायन म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी अजिबात ठाऊक नव्हतं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सासू शकुबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"काऊन वं, आता चाळिशीले टेकली अन् पोट्ट्याईच्या संगं बाकावर बसून राह्यली?"

"बसू दे ना माय," रामाजी म्हणाले. "तिचा आवाज तेवढाच हायस्कुलात जाईल. गिरणीले थोडा आराम भेटेल."

बाईंनी त्यांच्याकडे असा कटाक्ष टाकला की रामाजी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेले. पण शकुबाईंनी बराच विचार केला आणि आपली अट सांगितली. "जाशील तं मी संगं येईन. परक्या मास्तरापाशी एकटी बसशील तं गाव मले इचारंल."

हायस्कुलाचे विज्ञानाचे मास्तर होते कमरुद्दीन. गावातल्या बांगडीवाल्यांच्या घरातला मुलगा, नागपुराहून बी.एस्सी. होऊन आलेला, किरकोळ अंगाचा आणि भलताच लाजाळू. बायकांशी बोलायची वेळ आली की त्यांची नजर स्वतःच्या चपलांवर जायची. पण बाटल्यांच्या कपाटासमोर उभे राहिले की त्यांची जीभ मोकळी व्हायची. मुलं घरी गेल्यावर संध्याकाळी तासभर शिकवायचं त्यांनी कबूल केलं. पहिल्या दिवशी सुगंधाबाई आल्या आणि त्यांच्यामागून पानाचा डबा काखेत घेऊन शकुबाई. मास्तरांनी म्हातारीला आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले.

त्यांनी एका कागदावर लोखंडाचा कीस घेतला आणि त्यात गंधकाची पिवळी पूड कालवली. वरून चुंबक फिरवलं. कीस उडून चुंबकाला चिकटला, गंधक कागदावरच राहिलं.

"हे मिश्रण," मास्तर म्हणाले. "दोघं शेजारी बसले, पण कुणी आपला स्वभाव सोडला नाही. वाटेल तेव्हा वेगळे करता येतात."

मग तेच मिश्रण परीक्षानळीत घालून त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. आत तांबूस निखारा फुलला, दिवा बाजूला केला तरी फुलतच गेला. थंड झाल्यावर नळी फोडून त्यांनी आतला काळा गोळा काढला, कुटला आणि वरून पुन्हा चुंबक फिरवलं. काहीच हललं नाही.

"लोखंड गेलं कुठी?" हा प्रश्न सुगंधाबाईंच्या मनात होता, पण विचारला शकुबाईंनी.

"कुठंच नाही गेलं आजी. आतच आहे."

"आत हाय तं चुंबक काऊन नाई ओढत?"

"आता ते एकटं नाही. गंधकाशी जोडलं गेलं. दोघांचा मिळून तिसराच स्वभाव झाला. याला संयुग म्हणतात."

"म्हंजे लगन लागलं म्हण ना, बापू!"

मास्तरांचं अजून लग्न व्हायचं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं समजा आजी."

"अन् काडीमोड?"

"होतो. पण वेगळं करायला फार मेहनत पडते. चुंबकानं भागत नाही."

यावर सुगंधाबाई अशा खळखळून हसल्या की मैदानात चेंडू खेळणारी मुलं खिडकीशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीपासून शकुबाई सुनेच्या आधी लुगडं बदलून ओट्यावर तयार बसू लागल्या.

हिवाळ्यात वायूंचा धडा आला. मास्तरांनी कपाटातून चुन्याच्या निवळीची बाटली काढली तर ती आधीच पांढरी गढूळ झालेली. कुणीतरी बूच सैल ठेवलं होतं. "आज जमणार नाही," मास्तर हिरमुसून म्हणाले.

शकुबाईंनी पानाचा डबा उघडला आणि चुन्याची डबी टेबलावर ठेवली. "हा चालत नाई का?"

चुना पाण्यात कालवला, रात्रभर बसू दिला. दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी वरचं पाणी टीपकागदातून गाळून घेतलं. पेल्यात अगदी नितळ पाणी. मास्तरांनी काचेची नळी सुगंधाबाईंपुढे धरली, पण म्हातारीनं ती मधेच घेतली. "माह्या चुन्याचं पाणी हाय. मीच फुकतो."

त्यांनी गाल फुगवून फुंकर घातली. बुडबुडे आले. आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. शकुबाईंनी नळी सोडली आणि तोंडावर हात ठेवला.

"माय वं! माह्या तोंडातून काय निघालं हे?"

"घाबरू नका आजी. आपण जो श्वास सोडतो, त्यात कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो चुन्याशी जोडला की नवा पदार्थ होतो. पाण्यात विरघळत नाही, म्हणून पांढरं दिसतं. खडूच समजा तो, बारीक खडू. बाटलीचं बूच सैल होतं तेव्हा हवेतला हाच वायू हळूहळू आत शिरला आणि तिचंही असंच झालं."

सुगंधाबाई नवा पेला भरून पुन्हा पुन्हा फुंकत होत्या आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या थक्क होत होत्या. शकुबाईंनी मात्र त्या आठवड्यात सगळ्या आळीत सांगून टाकलं, "खरी मास्तरीण तं मी हाय. माह्या श्वासातच खडू हाय."

इथवर सगळं मजेत चाललं होतं. पुढे संयुजा, म्हणजे अणूंच्या जोडणीचा हिशेब आला आणि बाईंचं घोडं अडलं.

अणू म्हणजे मूलद्रव्याचा बारीकात बारीक कण, हे त्यांना समजलं. अणू एकमेकांना जोडून रेणू होतो, हेही समजलं. पण हायड्रोजनची संयुजा एक, ऑक्सिजनची दोन, कार्बनची चार, म्हणजे नेमकं काय? त्यांनी पाठ केलं. पाठ करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण सूत्र लिहायला बसल्या की चुकायचं. पाण्यात कधी हायड्रोजन एक, कधी ऑक्सिजन दोन. मास्तर दर वेळी शांतपणे दुरुस्त करायचे आणि त्या शांतपणाचीच बाईंना जास्त लाज वाटायची. स्वतःच्या वर्गात मुलींना 'सोपं तर आहे, इतकं कसं येत नाही?' असं आपण किती सहज म्हणतो, हे त्यांना आठवायचं.

"हात आहेत असं समजा," मास्तरांनी एकदा सांगून पाहिलं. "प्रत्येक अणूला ठरावीक हात."

"कोणाचे हात, मास्तर? मले तं काहीच दिसत नाई," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. त्यानंतर काही दिवस त्या हायस्कुलाकडे फिरकल्याच नाहीत. शकुबाई ओट्यावर तयार होऊन बसायच्या आणि दिवेलागण झाली की पुन्हा आत जायच्या.

अशाच एका दुपारी शाळेच्या सुट्टीत बाई पायरीवर बसल्या होत्या. समोर मुलींचा धुडगूस चालला होता. दोघी फुगडी घालत होत्या, दोन्ही हातांनी एकमेकींना घट्ट धरून. बाकीच्या हात धरून साखळी खेळत होत्या. त्यांतली एक पोरगी एका हातानं सैल झालेला परकर सावरत होती, म्हणून तिला साखळीच्या टोकालाच जागा होती. तिचा धरायला एकच हात मोकळा होता.

बाई ताडकन उठल्या.

"थांबा! सगळ्याजणी इकडं या. तू, तू, तू अन् तू, एक हात कमरेवर ठेवा. तुम्ही हायड्रोजन. तुम्हाला एकच हात. तुम्ही दोघी ऑक्सिजन, तुमचे दोन्ही हात मोकळे. आता कुणाचाच हात रिकामा राहायला नको. धरा!"

मुलींना वाटलं नवा खेळ आहे. ऑक्सिजन झालेल्या पोरीच्या एका हाताला एक हायड्रोजन, दुसऱ्या हाताला दुसरी. "पाणी!" बाई ओरडल्या. दुसऱ्या ऑक्सिजनलाही दोघी मिळाल्या, दुसरं पाणी तयार झालं. "सोडा! आता हायड्रोजन हायड्रोजनला धरा." दोन जोड्या झाल्या. ऑक्सिजन दोघी उरल्या, त्यांनी आपोआप फुगडीसारखे दोन्ही हात धरले. हवेतला ऑक्सिजन असाच जोडीनं असतो, हे मास्तरांनी सांगितलेलं बाईंना आता डोळ्यांनी दिसलं. आणि आणखी एक दिसलं. पाणी झालं, पाणी मोडलं, पण मुली होत्या तेवढ्याच राहिल्या. मास्तर समीकरणाच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मोजायला का सांगत होते, ते त्या क्षणी उलगडलं. खेळ बदलला तरी पोट्ट्या ना वाढतात, ना कमी होतात.

"आता कार्बन पाहिजे. चार हातांची," बाई म्हणाल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या. बुधरी नावाच्या पोरीच्या दोन लांब वेण्या कमरेपर्यंत लोंबत होत्या. "ये बुधरी. दोन हात, दोन वेण्या, झाले चार!"

ऑक्सिजन झालेल्या दोघींनी एकेक हात आणि एकेक वेणी धरली. "हा आजीच्या श्वासातला वायू!" मग त्यांच्या जागी चार हायड्रोजन आल्या, दोघी हातांना, दोघी वेण्यांना. पण त्या जरा जास्तच उत्साही निघाल्या.

"बाईऽऽ, माही वेणी!" बुधरीनं भोकाड पसरलं.

रेणू तिथंच मोडला. बाईंनी बुधरीला पोटाशी धरलं, फुटाणे दिले आणि तिचे डोळे पुसता पुसता स्वतःच हसत सुटल्या. रस्त्यावर सायकल टेकवून कमरुद्दीन मास्तर फाटकातून हे सगळं पाहत होते, ते त्यांना कुठं माहीत! दुसऱ्या दिवशी हायस्कुलातल्या मुलांनाही मास्तरांनी मैदानात उभं केलं. मुलांना वेण्या नव्हत्या, तेव्हा कार्बन झालेल्या मुलाच्या गळ्यात दुपट्टा टाकला आणि त्याची दोन टोकं इतरांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी बाई प्रयोगशाळेच्या दारात आल्या तेव्हा मास्तर पहिल्यांदाच चपलांकडे न पाहता म्हणाले, "बाई, आज तुमचा धडा मी शिकवला."

सत्तावन्न सालच्या मार्चात मॅट्रिकची परीक्षा झाली. लेखी पार पडली. प्रात्यक्षिकासाठी चांद्याला जायचं होतं. छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीत बाईंसोबत रामाजी आणि शकुबाईही बसले. वाटेभर शकुबाई शेजारच्या बायांना सांगत होत्या की आमच्या सुनेची वायूची परीक्षा हाय, आणि त्या बाया वायू म्हणजे पोटातला समजून ओव्याचे उपाय सुचवत होत्या.

तिथल्या प्रयोगशाळेत एका रांगेत मिसरूड फुटलेली मुलं आणि शेवटच्या टेबलाशी नऊवारीतल्या सुगंधाबाई. चिठ्ठी उघडली. अमोनिया तयार करून त्याचे गुणधर्म दाखवायचे होते. नवसागर आणि चुना परीक्षानळीत एकत्र करून तापवायचा, हे त्यांना झोपेतही आलं असतं. त्यांनी सगळं नीट मांडलं, दिवा लावला. पण शेजारच्या मुलांच्या आधी संपवायच्या घाईत वायू गोळा करायची बरणी त्यांनी तोंड वर करून ठेवली.

अमोनिया हवेहून हलका. तो बरणीत कशाला थांबतो! थेट बाईंच्या नाकाडोळ्यांत गेला. डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारचा मुलगा खोकायला लागला, मग त्याच्या पलीकडचा. परीक्षक वयस्कर होते, मायाळू होते. ते लगबगीनं आले.

"रडू नका बाई. पहिल्यांदा बसलं की घाबरायला होतं. या वयात तुम्ही आलात हेच खूप."

"मी रडत नाही साहेब," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज परत आला होता. "हा अमोनिया रडवतो आहे. चूक माझी. बरणी पालथी धरायला हवी होती, मी सुलटी ठेवली. हलका वायू वर निघून गेला. दुसरी बरणी द्या, आता धरून दाखवते."

दुसरी बरणी आली. बाईंनी ती पालथी धरली, भरू दिली आणि आत ओला तांबडा लिटमस कागद सोडला. कागद निळा झाला.

परीक्षकांनी खिशातून रुमाल काढून स्वतःचे डोळे टिपले. "सिद्ध झालं," ते म्हणाले. "आता कुणीतरी ती खिडकी उघडा रे."

बाहेर कडुनिंबाखाली शकुबाई वाट पाहत होत्या. सुनेचे लालबुंद डोळे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "नापास केलं का वं तुले? कोण हाय तो परीक्षक, मले दाखव!" रामाजींचा चेहराही उतरला. पण सुगंधाबाईंना इतकं हसू फुटलं होतं की काय झालं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर टांगेवालेही घोडे सोडून ऐकायला जमले होते.

बाई पास झाल्या. इंग्रजीत जेमतेम काठावर, रसायनात छान. जुलैत शाळेच्या पडवीत मुलींची पाचवी सुरू झाली. बाई भर पावसात घरोघर फिरल्या होत्या. कुणी आढेवेढे घेतले, कुणी रोवणी संपल्यावर पाठवतो म्हणाले, पण वर्ग जमला. पडवी भरली नाही, तरी एक रांग नीट झाली. कमरुद्दीन मास्तरांनी हायस्कुलातून काही जुन्या परीक्षानळ्या पाठवून दिल्या.

पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ यायचं, म्हणून बाईंनी पहिल्याच महिन्यात तुरटी शिकवली. तुरटी फिरवली की माती खाली बसते, पाणी वेगळं होतं. आठवडाही झाला नसेल, तोच नीलाबाई नावाची एक बाई पदर खोचून, हातात पातेलं घेऊन वर्गात घुसली. मागं तिची लेक मंगली, मान खाली घालून.

"पाहा बाई, तुमच्या शिकवण्यानं काय केलं! सगळं दूध नासवलं हिनं!"

"काय केलंस गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, माय रोज म्हणते, गवळी दुधात पाणी घालते," मंगली रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुमी म्हणाल्या ना, तुरटीनं पाणी वेगळं होते. म्हणून म्या तापल्या दुधात तुरटी टाकली. किती पाणी घालते ते पाहाले."

"मग?"

मंगलीनं मान वर केली. "अर्ध्याहून जास्त पाणीच निघालं, बाई!"

वर्ग खदखदून हसला. नीलाबाई मात्र हसली नाही. "मी सकाळीच त्या गवळ्याले अशा शिव्या घालून आली, काई इचारू नका."

सुगंधाबाईंची पंचाईत झाली. "नीलाबाई, अस्सल दूध फाडलं तरी पाणी निघतंच हो. गवळ्यानं थेंबही घातला नसला तरी. गाईच्या दुधातच ते असतं."

नीलाबाईचा चेहरा पडला. "म्हंजे आता मले त्याची माफी मागा लागंल?"

"आधी पाहू तरी."

शेजारच्या घरी गाय होती. तिचं दूध सगळ्या मुलींसमोर काढलं. चुलीवर तापवून त्यातही तुरटी घातली. दोन सारखे काचेचे गिलास घेऊन एकात नीलाबाईचं फाटलेलं दूध ओतलं, दुसऱ्यात तेवढंच गाईचं. दोन्हींत हिरवट पाणी सुटलं. पण गाईच्या गिलासात पांढरा थर चांगला जाड बसला आणि नीलाबाईच्या गिलासात पातळ. मुली बसल्या जागेवरून पुढं सरकत गिलासांभोवती कोंडाळं करून बसल्या.

नीलाबाईनं वाकून दोन्ही थर पाहिले, बोटांनी मापले. मग सरळ उभी राहिली. तिचा चेहरा खुलला होता.

"पण थोडं तं घालतेच ना मेला! मंगले, उचल दोन्ही गिलास. चाल गवळ्याकडं."

"मंगली शाळा सुटल्यावरच येईल," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि तो आवाज गिरणीपर्यंत गेला. "तोवर तुम्ही बसा."

नीलाबाईनं जरा विचार केला. मग पडवीच्या खांबाला टेकून ती खाली बसली. कावळ्यानं गिलास लवंडू नयेत म्हणून ते मांडीजवळ ओढून घेतले, आणि फळ्यावर बाई पुढं काय लिहितात ते पाहू लागली.